खिशात मावणारं पिस्तूल आणि सलामाचं अंतर

परवा शाळा सुटल्यावर दहावीतला एक मुलगा माझ्याजवळ घुटमळत उभा राहिला. हातात मोठ्या भावाचा मोबाईल. त्यावर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ चालू होता. टेबलावर पाच-सहा चिमुकली पिस्तुलं मांडलेली आणि तो एकेक उचलून जीन्सच्या पुढच्या खिशात घालून दाखवत होता. हे जरा जाड आहे, बाहेरून कळतं. हे हलकं आहे, पण हाताला धक्का जास्त बसतो. याचा घोडा कापडात अडकतो. दुकानात चप्पल निवडावी तसं सगळं चाललं होतं. मुलानं विचारलं, "सर, असलं आपल्याकडे मिळतं का?" मी म्हटलं, "लायसन्स लागतं, आणि ते तुला मिळणार नाही. पण बस जरा, यामागे मोठा इतिहास आहे." बस सुटायची वेळ झाली होती, तो गेला. मग तो इतिहास इथं लिहायला घेतला.

मी भाषेचा मास्तर, म्हणून सुरुवात शब्दांपासून करतो. मराठीतला 'खिसा' फारसीच्या 'कीसा'वरून आला, म्हणजे थैली. उर्दूत आपण 'जेब' म्हणतो. तो अरबी 'जैब', ज्याचा मूळ अर्थ कुर्त्याचा गळा, जिथं हात आत जातो ती फट. 'तमंचा' तुर्कांकडून आला आणि 'पिस्तूल' युरोपातून. हत्याराची नावं दूरवरून चालत आली, तशीच हत्यारंही आली. मात्र तलवार किंवा बंदूक सोबत असली की ती समोरच्याला दिसते. खिशातलं पिस्तूल दिसत नाही. त्याचा सगळा इतिहास या न दिसण्यात आहे.

फिलाडेल्फियाचा कारागीर

ही गोष्ट अमेरिकेतूनच सुरू करावी लागते. फिलाडेल्फियात हेन्री डेरिंजर नावाचा बंदूक बनवणारा कारागीर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची छोटी पिस्तुलं फार गाजली. कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर १८४९ पासून तिकडे माणसांची रीघ लागली. अनोळखी माणसं, रोख पैसा, जुगार, दारू. अशा जागी प्रत्येकाला खिशात काहीतरी हवं होतं. डेरिंजरचं पिस्तूल पुढून दारू ठासून भरायचं आणि एकच गोळी मारायचं. म्हणून दुकानदार ते बहुधा जोडीनं विकत. नकला इतक्या निघाल्या, की नावाच्या हक्काचा दावा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढे त्याचं नाव, एक 'र' जास्तीचा लागून, सगळ्याच छोट्या पिस्तुलांचं सामान्यनाम झालं.

त्या काळच्या अमेरिकेत लपवून हत्यार बाळगणं मानाचं समजलं जात नव्हतं. केंटकी आणि लुईझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच लपवलेल्या हत्यारांविरुद्ध कायदे केले. उघड कमरेला लावा, चालेल. पुढे तिथल्या न्यायालयांनीही असाच विचार मांडला, की उघड हत्यार स्वतःच्या रक्षणासाठी असू शकतं, लपवलेलं हत्यार समोरच्याला बेसावध गाठण्यासाठी असतं. आज त्याच देशात बहुतेक राज्यांत लपवून पिस्तूल बाळगणं सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि कोणतं पिस्तूल खिशात नीट बसतं यावर व्हिडिओ निघतात. दोनशे वर्षांत विचार पूर्ण उलटा झाला.

१४ एप्रिल १८६५. वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन नाटक पाहायला बसले होते. जॉन विल्क्स बूथ हा नामांकित नट. त्यानं लिंकनच्या नोकराला भेटीचं कार्ड दाखवलं आणि तो आत गेला. नाटकात हमखास हशा पिकणारी जागा आली, तेव्हा त्यानं मागून गोळी झाडली. पिस्तूल डेरिंजरचं, लांबी जेमतेम सहा इंच. गोळी एकच असल्यामुळे पुढच्या झटापटीत त्याला सुरा काढावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी लिंकन गेले. ते पिस्तूल आजही त्याच थिएटरच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पिस्तूल जितकं छोटं, तितकी नळी आखूड, काडतूस लहान आणि नेम कच्चा. लांबून ते फारसं कामाचं नाही. म्हणजे खिशातलं पिस्तूल वापरायचं तर माणसाच्या जवळ जावं लागतं. आणि जवळ जायचं तर ओळख किंवा विश्वास तरी लागतो, नाही तर त्याचं सोंग. बूथकडे त्याचं नाव होतं आणि एक कार्ड होतं.

पुढे केलेला हात

६ सप्टेंबर १९०१. बफेलो शहरातल्या प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष विल्यम मॅककिन्ली लोकांशी हात मिळवत उभे होते. लिऑन चोल्गोश रांगेतून पुढे सरकत होता. हातावर रुमाल गुंडाळलेला आणि रुमालाखाली पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्व्हर. हात दुखावला असेल म्हणून रुमाल बांधला असावा, असंच कोणालाही वाटलं असतं. मॅककिन्लींनी हात पुढे केला आणि त्यानं दोन गोळ्या झाडल्या. आठ दिवसांनी ते गेले.

ते रिव्हॉल्व्हर आयव्हर जॉन्सन कंपनीचं होतं. स्वस्त, कुणालाही परवडणारं. याच कंपनीनं पुढच्या काही वर्षांत एक जाहिरात केली. पलंगावर लहान मुलगी, जवळ बाहुली, आणि हातात रिव्हॉल्व्हर. सांगायचं असं, की आमचा माल इतका सुरक्षित आहे की घरातल्या लेकरालाही इजा होणार नाही. ग्राहक म्हणजे भित्रा, सज्जन, कुटुंबवत्सल बाप. छोटं पिस्तूल नेहमी याच माणसाला विकलं गेलं. इतिहासात नोंद मात्र दुसऱ्याच ग्राहकाची झाली.

लिएजचा कारखाना आणि नाशिकचं नाट्यगृह

आता युरोपात येऊ. अमेरिकेच्या युटा राज्यातला जॉन ब्राउनिंग हा बंदुकांचा असामान्य संशोधक. त्यानं बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएन कारखान्याशी करार केला. १८९९ च्या सुमारास त्याचं ७.६५ मिलीमीटरचं काडतूस आलं, ज्याला आपण पॉइंट बत्तीस म्हणतो. पाठोपाठ त्यावर चालणारं चपटं पिस्तूल आलं. रिव्हॉल्व्हरचा मधला गोल भाग खिशात फुगून दिसतो, हे चपटं असल्यामुळे दिसत नव्हतं. पुढे त्यानं जाकिटाच्या खिशासाठी त्याहून छोटं पिस्तूल काढलं, साडेअकरा सेंटीमीटर लांबीचं. अमेरिकेतल्या कोल्ट कंपनीसाठी त्यानं १९०३ मध्ये जे पिस्तूल केलं, त्याचा घोडा आतच झाकलेला होता. कारण तेच, जे त्या मुलाच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता. खिशातून काढताना बाहेरचा घोडा कापडात अडकतो.

ही पिस्तुलं आपल्याकडे कशी आली? १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात आर्म्स अॅक्ट झाला. हिंदुस्थानी माणसाला हत्यारासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना त्यातून सूट. या भेदभावाचा राग सगळ्यांना होता, पुढे गांधीजींनीही या कायद्यावर कडक शब्दांत टीका केली. परवाना मिळत नाही म्हटल्यावर हत्यारं चोरवाटांनी येऊ लागली, आणि चोरवाटेनं यायला छोटं हत्यार सोयीचं. १९०९ च्या सुरुवातीला लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी चतुर्भुज अमीन याच्यासोबत वीस ब्राउनिंग पिस्तुलं मुंबईला पाठवली. पेटीला खोटा तळ होता.

त्याच वर्षी १ जुलैला लंडनमध्ये मदनलाल धिंग्रांनी एका समारंभात कर्झन वायली यांना गोळ्या घातल्या. वायली त्यांच्याशी बोलायला पुढे आले होते. मध्ये पडलेले डॉक्टर कावस लालकाका हेही मारले गेले. ते पारशी होते आणि त्या भांडणात ते कुठेच नव्हते.

आणि २१ डिसेंबर १९०९ ला आपलं नाशिक. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती. संस्कृतचा अभ्यास असल्यामुळे लोक त्यांना 'पंडित जॅक्सन' म्हणत. त्यांना निरोप म्हणून विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा' नाटकाचा प्रयोग ठेवला होता. ते आत येत असताना औरंगाबादला शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या अनंत कान्हेरेनं त्यांना जवळून गोळ्या घातल्या. पिस्तूल त्या वीसांपैकी. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली. पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि सावरकरांना अटक झाली.

क्रांतिकारकांचा हेतू आणि भाडोत्री मारेकऱ्याचा हेतू मी एका तागडीत तोलत नाही. गुलामीविरुद्ध जीव देणाऱ्या पोरांबद्दल माझ्या मनात आदर आहे. अश्फाकुल्ला खान आणि रामप्रसाद बिस्मिल यांची दोस्ती मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण हत्याराला हेतू कळत नाही. त्याला फक्त अंतर कळतं. आणि हे हत्यार बेसावध भेटीच्या अंतरावर चालतं.

खरी लढाई जुंपली की ते कसं तोकडं पडतं, तेही इतिहासात आहे. २७ फेब्रुवारी १९३१ ला अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद पोलिसांच्या वेढ्यात सापडले. हातात कोल्टचं तेच १९०३ चं खिशातलं पिस्तूल. साथीदाराला निसटायला वेळ मिळेल इतकं त्यांनी झुंजवलं. पण लांबून येणाऱ्या गोळ्यांपुढे ते पिस्तूल किती पुरणार? शेवटची गोळी त्यांनी स्वतःवर झाडली. ते पिस्तूल आता अलाहाबादच्या संग्रहालयात आहे. शूर माणसाच्या हातातसुद्धा ते बचावाचं हत्यार म्हणून अपुरं ठरलं.

साराजेव्हो

२८ जून १९१४ चा दिवस शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतो. साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची पत्नी यांना एकोणीस वर्षांच्या गाव्रिलो प्रिन्सिपनं मारलं. गाडी चुकीच्या रस्त्याला वळून थांबली आणि तो दोन-चार पावलांवर उभा होता. त्याच्याकडे ब्राउनिंगच्या आराखड्यावरचं एफएनचं १९१० चं पिस्तूल होतं, नऊ मिलीमीटरच्या आखूड काडतुसाचं. महिन्याभरात पहिलं महायुद्ध पेटलं.

पुस्तकात जे येत नाही ते सांगतो. त्याच संध्याकाळपासून साराजेव्होत सर्बांची घरं, दुकानं, शाळा फोडण्यात आल्या. फोडणाऱ्यांत क्रोएट होते आणि बोस्नियाचे मुसलमानही होते. गोळी एकानं झाडली, जाब त्याच्या अख्ख्या जमातीला द्यावा लागला. गंमत म्हणा की दुर्दैव, कटातल्या मंडळींत मुहमद मेहमेदबाशिच हा एक मुसलमानही होता. अशा वेळी आपले लोक नेहमीच मार खाणाऱ्यांत असतात असं नाही, कधी मारणाऱ्यांतही असतात. हेही आपल्या मुलांना सांगायला हवं.

बिर्ला हाऊसचं अंगण

आता त्या पिस्तुलाकडे येतो, ज्यानं आपल्या सगळ्यांचं आयुष्य बदललं.

जानेवारी १९४८. दिल्लीत मुसलमानांची घरं, मशिदी, दर्गे बळकावले गेले होते. १३ तारखेला गांधीजींनी उपोषण सुरू केलं, १८ ला सोडलं. २० जानेवारीला बिर्ला हाऊसमध्ये त्यांच्या प्रार्थनासभेत स्फोट झाला. त्या दिवशीचा कट फसला, त्याला हत्यारंही कारण होती. पुण्यात शस्त्रभांडार चालवणारा दिगंबर बडगे कटात होता, पण दिल्लीत नेलेली रिव्हॉल्व्हरं रानात तपासली तेव्हा एक नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचेना. तेव्हा नथुराम गोडसेला भरवशाचं पिस्तूल हवं होतं. खिशात मावेल, अडकणार नाही, जवळून चुकणार नाही असं. ते ग्वाल्हेरला मिळालं. इटलीच्या बेरेटा कंपनीचं १९३४ चं मॉडेल, सात गोळ्यांचं, वीतभरापेक्षा लहान. काडतूस नऊ मिलीमीटरचं आखूड, साराजेव्होत जे होतं तेच.

स्फोटानंतर पोलिसांना प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यायची होती. गांधीजींनी नकार दिला. प्रार्थनेला येणाऱ्या माणसाचे खिसे चाचपायचे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. २७ जानेवारीला ते मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकींच्या दर्ग्यात उरुसाला गेले. मुसलमानांनी तिथं निर्भयपणे यावं, एवढ्यासाठी. त्यानंतर तीन दिवसांनी, ३० जानेवारीच्या संध्याकाळी, नथुराम गर्दीतून पुढे आला, हात जोडले, मनूबेनना बाजूला ढकललं आणि तीन गोळ्या झाडल्या.

मॅककिन्लींच्या वेळी पुढे केलेला हात होता, इथं जोडलेले हात होते. मला या लेखात जे सांगायचं आहे ते एवढंच. खिशातल्या पिस्तुलाचा पल्ला म्हणजे नमस्काराचं, मुसाफह्याचं, सलामाचं अंतर. माणूस माणसावर भरवसा टाकतो नेमकं तेच अंतर.

त्या संध्याकाळी दिल्लीत पहिली धास्ती होती ती मारणारा मुसलमान असल्याच्या अफवेची. मारेकरी हिंदू आहे, हे सरकारनं तातडीनं रेडिओवरून सांगितलं. ते सांगितलं नसतं तर त्या रात्री आपल्या मोहल्ल्यांत काय झालं असतं, याचा विचार माझ्या आजोबांच्या पिढीनं आयुष्यभर केला. आपण वाचलो. पण इकडे महाराष्ट्रात सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांनी नथुरामचं नावही ऐकलं नव्हतं अशी माणसं रस्त्यावर आली. पुन्हा तेच. गोळी एकाची, हिशोब सगळ्या जातीचा.

दुबळ्याचं हत्यार?

यावर कुणी म्हणेल, मास्तर, तुम्ही मारेकऱ्यांच्याच गोष्टी सांगता. एकट्यादुकट्या बाईनं काय करायचं? जमावाच्या तावडीत सापडलेल्या माणसानं काय करायचं? प्रश्न खरा आहे. दिल्लीतल्या २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. पॉइंट बत्तीस, वजन अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं. किंमत सव्वा लाखाच्या आसपास, वर परवाना. रात्रपाळीहून एसटीनं घरी येणाऱ्या नर्सला ते कधी परवडणार?

आणि किंमत सोडा. हल्ला कधी, कुठे करायचा ते हल्लेखोर ठरवतो, म्हणून लपवलेल्या हत्याराचा फायदा पहिल्यांदा त्याला मिळतो. सावध नसलेल्या माणसाचा हात खिशापर्यंत जाईपर्यंत वेळ गेलेली असते. लिंकन, मॅककिन्ली, गांधीजी यांच्या खिशात पिस्तूल असतं तरी काय फरक पडला असता? आपल्या डोळ्यांदेखतचं पाहा. २०१३ मध्ये पुण्यात नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघालेले. २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे फिरून परतताना. त्याच वर्षी धारवाडला कलबुर्गी, आणि २०१७ मध्ये बंगळुरूला गौरी लंकेश आपापल्या दारात. वापरले गेले ते ७.६५ चे गावठी कट्टे. लिएजमध्ये जन्मलेलं तेच काडतूस.

आपल्याकडे एक हदीस सर्वांना ठाऊक आहे. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्यानं टोकं हातात धरावीत, म्हणजे कुणाला लागणार नाहीत. त्या काळी हत्यार बाळगणं ही रोजची गोष्ट होती, मनाई नव्हती. पण गर्दीत गेल्यावर जबाबदारी बाळगणाऱ्याची. 'सलाम' या शब्दाचा अर्थच सलामती. तो शब्द उच्चारताना माझ्याकडून तुला धोका नाही, असं आपण सांगत असतो. खिशात भरलेलं पिस्तूल ठेवून सलाम करणारा माणूस निदान अर्धा खोटं बोलतो.

एक आठवण सांगून थांबतो. काही वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी कट्ट्यासह पकडला गेला. आर्म्स अॅक्ट, कलम २५. त्यानं तो कुणावर चालवला नव्हता. मोहल्ल्यात तणाव होता, कुणीतरी म्हणालं जवळ ठेव, यानं घेतला. वर्तणूक चांगली होती असा शाळेचा दाखला वकिलानं मागितला, म्हणून त्याची अम्मी आली. दाखला लिहीपर्यंत ती बाकावर बसून होती. मधेच म्हणाली, "इत्तासा था सर, जेब में आ जाए इत्तासा." आणि दोन्ही हातांनी माप दाखवलं. त्या मापात तिच्या पोराची पोलीस भरती गेली, बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली, आणि पुढची कितीतरी वर्षं तारखांना गेली.

उद्या तो दहावीतला मुलगा भेटेल. त्याला मी हा लेख वाचायला देणार आहे, आणि ते माप दाखवणार आहे.